तिसरी बुक्की

शाळेचा फोन यायची वेळ मला पाठ झाली होती. छोटी सुट्टी संपली की पाच-दहा मिनिटांत. म्हणून त्या वेळेला मी मशीनवर कुणाची भारीतली साडी घेत नसे. एकदा एका बाईची पैठणी पिकोला लावलेली आणि फोन वाजला. हात हलला अन् टीप काठाच्या आत गेली. ती उसवता उसवता माझी मान मोडली, वर त्या बाईची बोलणी खाल्ली ती वेगळीच. तेव्हापासून त्या अर्ध्या तासात सुती साड्या नाहीतर परकर, असलंच काहीतरी हातात घ्यायचे.

माझं पिको-फॉलचं दुकान म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. शटर वर केलं की दुकान, खाली ओढलं की घर. मागे आम्ही चौघं राहतो. मी, माझा नवरा, माझे सासरे आणि आमची लेक. नवरा टेम्पो चालवतो, इचलकरंजीहून कापडाचे तागे आणून पोचवतो, सकाळी जातो तो दिवेलागणीला येतो. सासऱ्यांना मी मामा म्हणते, लेक आबा म्हणते. लेक तेव्हा नुकतीच पहिलीत गेली होती.

फोनवर वर्गाच्या बाईंचं वाक्य ठरलेलं असायचं. "ताई, आज परत मारलं हो तिनं."

"कुणाला?"

"त्याच मुलीला."

ती मुलगी म्हणजे आमच्या लेकीच्या बाकावरची शेजारीण. चष्मा लावणारी, दोन शेंड्या, आवाज एवढासा. इतरांनाही अधूनमधून प्रसाद मिळायचा, पण मुख्य मारा तिच्यावर. डायरीत लाल अक्षरात शेरा यायचा: 'शेजारच्या मुलीला पाठीत तीन वेळा मारले. घरी समज द्यावी.' पुढच्या पानावर पुन्हा तसाच. मी खाली सही करायचे. माझी सही इतकी कुणी बँकेतसुद्धा घेतली नसेल.

समज द्यावी म्हणे! मी समज दिली म्हणजे काय केलं, तर मीही तिला दोन ठेवून दिल्या. मारू नये हे पोरीला मारून शिकवायचं, ही आमची अक्कल. मग तिला जवळ घ्यायचं, आपणही रडायचं, आणि उद्या परत फोन.

"का मारलंस गं तिला?" मी विचारायचे.

"ती माझी मैत्रीण हाय."

"मैत्रिणीला मारत्यात व्हय?"

"ती हसतच न्हाई," लेक म्हणायची आणि खांदे उडवायची. मला वाटायचं, काय उद्धट कार्टी आहे. एवढं मारून वर ती हसत नाही म्हणून तक्रार!

गिऱ्हाईक म्हणून येणाऱ्या बायकांना सगळं कळलेलं असायचं. दुकानाला दार नाही, शटर आहे, त्यामुळे फोनवरचं माझं बोलणं रस्त्यापर्यंत ऐकू जायचं. एक म्हणाली, दृष्ट काढा. एक म्हणाली, साखर बंद करा, साखरेनं पोरं चेकाळतात. एकीनं मोबाईलवर खापर फोडलं. आणि एक तर फॉलचा रंग जुळवता जुळवता म्हणाली, "पोरीच्या जातीनं एवढा हात उचलणं बरं न्हवं हां." उचलली जीभ लावली टाळ्याला. माझी आई राधानगरीकडून फोन करून म्हणायची, चार दिवस इकडं आणून सोड, म्हसरांमागं फिरली की डोकं शांत होतंय. मी सगळं करून पाहिलं. दृष्ट काढली, साखर बंद केली, मोबाईल कपाटात कुलपात ठेवला. एकच झालं नाही, ते म्हणजे मार बंद होणं.

दमले होते मी. खरं सांगते, लेकीचा राग यायचाही मला कंटाळा यायला लागला होता. संध्याकाळी ती शाळेतून आली की मी तिच्या तोंडाकडे बघायच्या आधी डायरीकडे बघायचे.

गणपती झाल्यावर एक दिवस त्या मुलीचा चष्मा फुटला. तिसऱ्या बुक्कीला ती पुढं बाकावर आदळली आणि काच भुवईपाशी लागली. थोडक्यात वाचली. दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना बोलावणं आलं. नवऱ्यानं टेम्पोची खेप सोडली. मोठ्या बाईंच्या खोलीत त्या मुलीचे वडील बसलेले. माणूस भांडला असता तर बरं झालं असतं. आम्ही कोल्हापूरची माणसं, भांडण आम्हाला झेपतं.

"चष्मा आम्ही करून देतो," नवरा म्हणाला.

"चष्म्याचं काय न्हाई हो," ते म्हणाले, "पोरगी झोपंत दचकाय लागलीया."

मोठ्या बाईंनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढं सरकवला. म्हणाल्या, "ताई, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बघू. नाही सुधारली तर दाखला घेऊन जा. आमचाही इलाज नाही. आणि एक करा, थोडे दिवस तुम्ही शाळेत येऊन बसा, वर्गाबाहेर. आपल्या डोळ्यांनी बघा काय होतं ते."

दाखला. साडेसहा वर्षांच्या पोरीचा दाखला. वर्षाच्या मध्येच, मारकुटी म्हणून काढलेल्या पोरीला दुसऱ्या कुठल्या शाळेनं घेतलं असतं? आणि घेतलं असतं तरी तिथंही महिन्याभरात हेच. मला पुढची सगळी वर्षं दिसायला लागली, शाळा बदलत जाणारी. परत येताना गाडीवर नवरा सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "कुणावर गेलीया गं ही? आपल्या घरात कोण कुणावर हात उचलतंय?"

माझ्या दोन धपाट्यांचं मी काही बोलले नाही.

घरी मामा वाटच बघत होते. "काय म्हणत्यात मास्तरीणबाई?" मी सांगितलं. ते म्हणाले, "पोर तेज हाय. मार खाऊन येण्यापरास मारून आलेली बरी." मी पातेलं ओट्यावर इतक्या जोरात आदळलं की त्याला पोचा आला. तो अजून आहे.

आता मामांचं सांगायला पाहिजे. आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा लेक दीड वर्षाची होती. त्यानंतर मामा बोलायचेच बंद झाले. भांडण नाही, रडणं नाही, नुसते पलंगावर दाराकडं पाठ करून बसून असायचे. जेवायला हाक मारली की जेवायचे. चार-पाच महिने त्या माणसाचा आवाज आम्ही ऐकला नाही. डॉक्टर झाले, देव झाले. आणि एक दिवस लेक तुरुतुरु चालत गेली आणि तिनं मागून त्यांच्या पाठीत एक बुक्की घातली. मामा हलले नाहीत. म्हणाले, "माशी बसली वाटतं." तिनं दुसरी घातली. "जेवली न्हाईस व्हय गं आज?" तिनं दोन्ही हातांनी तिसरी घातली, आणि मामा "मेलो, मेलो गं वाघिणी!" म्हणत पलंगावर आडवे झाले. लेक खिदळायला लागली. मामाही हसले. मी आणि नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ढसाढसा रडलो. त्या दिवशी मला कुणी म्हटलं असतं, पोरीनं रोज शंभर बुक्क्या माराव्यात, तर मी म्हटलं असतं, मारू देत की.

तेव्हापासून तो रोजचा खेळ झाला. शाळा सुटायच्या वेळेला मामा बनियनवर, मुद्दाम दाराकडं पाठ करून बसायचे. लेकीनं दप्तर टाकायचं आणि आधी पाठ गाठायची. पहिलीला माशी, दुसरीला जेवली न्हाईस, तिसरीला मेलो. एवढंच. कितीदा झालं तरी दोघांना नवंच. मी मोबाईलवर त्याचं शूटिंग करून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचे. कागलहून पाहुणे आले की नवरा अभिमानानं म्हणायचा, "आबाला कसं पाडतीस, दाखव की पावण्यांस्नी." मग पाहुणेही पाठ पुढं करायचे, तेही "मेलो" म्हणून आडवे व्हायचे, आणि मग चहा. पैलवान हाय पैलवान, असं सगळे म्हणायचे. मीच तर तिचं कौतुक सगळ्यात जास्त केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा कुणाला कळत होतं?

शाळेत बसायला मी पिशवीत सुई-दोरा, फॉल आणि दोन साड्या घेऊन जायचे. फॉल हातशिलाईनं कुठंही बसून लावता येतो. व्हरांड्यातल्या बाकावर बसून टाके घालायचे आणि एक डोळा वर्गाच्या दारावर. पहिले दोन दिवस लेक देवासारखी बसली. आई दिसते आहे म्हटल्यावर काय करणार? बाई माझ्याकडं बघून कसनुसं हसल्या. म्हणजे त्याच खोट्या पडल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी मी जागा बदलली. वर्गाच्या मागच्या बाजूला जिना आहे, त्याच्या पायरीवर बसलं की खिडकीतून शेवटचे बाक दिसतात आणि आतून कुणाला आपण दिसत नाही. छोटी सुट्टी संपत आली होती. ती चष्म्याची मुलगी, आता नवा चष्मा, बाकावर वहीत डोकं घालून काहीतरी रंगवत बसलेली. दाराकडं पाठ करून.

आमची लेक पळत आत आली. ती पाठ दिसल्याबरोबर तिचा चेहरा असा फुलला की बस. मला वाटलं होतं, मारताना तिच्या चेहऱ्यावर राग असेल, खुन्नस असेल. तसलं काही नव्हतं. हसत हसत गेली आणि पाठीत एक बुक्की घातली. मग मान वाकडी करून त्या मुलीच्या तोंडाकडं बघत थांबली. मुलगी आकसली. दुसरी बुक्की. पुन्हा थांबली, पुन्हा मान वाकडी. मग दोन्ही हातांनी तिसरी. आणि तिसरी घातल्याबरोबर ती पटकन बाजूला सरकली.

पडायला जागा करून दिली तिनं.

ती मुलगी रडायला लागली. लेक तशीच उभी. तिच्या डोळ्यांत इतका गोंधळ मी कधी पाहिला नव्हता. ती खाली वाकली आणि अगदी लाडात म्हणाली, "अगं पड की आता."

सुई माझ्या अंगठ्यात गेलेली मला नंतर कळलं. आकाशी साडीवर रक्ताचा ठिपका पडला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. चार महिने मी साखरेत शोधत होते, मोबाईलमध्ये शोधत होते, पोरीच्या नशिबात शोधत होते. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की पाठीत बुक्की घातली की माणसाला लागतं. घरात ज्याला ज्याला तिनं मारलं तो हसला होता. मी तिथं पायरीवर बसून तोंडात पदर कोंबून रडले. मला तिची लाज वाटली होती इतके दिवस, आणि आता मला माझी लाज वाटत होती.

बाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत याचं बरं वाटलं. म्हणाल्या, "घरी ते पूर्ण बंद करा. अधूनमधून सुद्धा नको. आम्ही इथं शिकवतो, कुणाला हात लावायच्या आधी विचारायचं."

बंद करा. म्हणायला किती सोपं! दोन दिवस मला मामांना सांगता आलं नाही. नवऱ्याला म्हटलं, तुमचे वडील आहेत, तुम्ही सांगा. तो म्हणाला, "माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. तूच सांग." टेम्पोत दोन टन माल चढवतील, पण बापाशी चार वाक्यं बोलायची म्हटली की अंगात त्राण नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मीच चहा घेऊन मामांच्या समोर बसले आणि खिडकीतून पाहिलेलं सगळं सांगितलं. "पड की" पर्यंत सगळं.

मामांनी बशीत ओतलेला चहा तसाच धरून ठेवला.

"म्हंजे मीच व्हय," ते म्हणाले.

"तुम्ही एकटे न्हाई मामा. आम्ही सगळेच की. मी तर शूटिंग काढत होते."

"पाठ माझी हाय," ते म्हणाले. मग निवलेला चहा एका घोटात प्यायले. "बंद. आजपासनं."

मला वाटलं होतं, ते त्या दिवशी दुसरीकडं जाऊन बसतील. पण मामा रोजच्या जागेवर, रोजच्यासारखेच बसले. म्हणाले, पळून कसं चालंल, पोरीला कळाय नको? लेक आली. दप्तर टाकलं. पहिली बुक्की घातली. मामा गप्प. तिनं मान वाकडी करून बघितलं. दुसरी घातली. मामा गप्प. तिला वाटलं नवा काहीतरी खेळ आहे, ती हसली आणि दोन्ही हातांनी तिसरी घातली आणि बाजूला सरकली. मामा पडले नाहीत. मग चौथी. पाचवी. तिचं हसू गेलं. ती मारत राहिली, जोरात, अजून जोरात, आणि मारता मारता रडायला लागली. "पड की आबा, पड की!" मी पुढं झाले तर मामांनी मला हातानं थांबवलं. मग त्यांनी वळून तिचे दोन्ही हात धरले.

"दुखतंय बाय," ते म्हणाले. "आबाला लई दुखतंय."

"खोटं!"

"खरं."

"रोज दुखत हुतं?"

"रोज," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासनं."

ते खरं होतं की नाही मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. पण त्या पोरीचा चेहरा बघवेना. ती हळूच आपले हात सोडवून घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि गॅसच्या टाकीमागं जाऊन बसली. रात्री नीट जेवली पण नाही. मामाही जेवले नाहीत. घरात भांडं पडलं तरी दचकावं अशी शांतता. मला मध्येच वाटलं, जाऊ दे तो दाखला. पडू दे मारकुटी म्हणून नाव. निदान हे घर हसत तरी होतं.

पण शाळेत फरक पडला, हे कबूल करायला पाहिजे. एकदम नाही. पुढच्या आठवड्यात एक फोन आला. मग त्याच्या पुढच्या आठवड्यात एक, तोही ढकलाढकलीचा, तसली ढकलाढकली सगळीच पोरं करतात. मग फोनच नाही. मी त्या अर्ध्या तासात परत भारीतल्या साड्या घ्यायला लागले. सवयीनं हात थांबायचा, फोनकडं बघायचे, मग टीप पुढं न्यायचे. चष्म्याच्या मुलीनं एकदा हिला खाऊच्या डब्यातली चकली दिली, हे लेकीनं मला तीनदा सांगितलं. मामा मात्र दुपारनंतर बाहेर चौकात जाऊन बसायला लागले आणि अंधार पडल्यावर परत यायचे. बोलायचे, जेवायचे, पेपर वाचायचे. मी रोज त्यांच्याकडं चोरून बघायचे, परत बोलणं बंद होतंय की काय म्हणून.

दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी डायरीत निळ्या शाईत शेरा आला: 'वर्गात सर्वांशी मिळून मिसळून वागते.' दाखल्याचं कुणी नाव काढलं नाही. तिला आणायला गेले तेव्हा मी शाळेच्या फाटकातच तो शेरा चार वेळा वाचला आणि मला इतकं दमल्यासारखं झालं की तिथल्या कट्ट्यावर थोडा वेळ बसावं लागलं.

दोघी घरी आलो तर मामा त्या दिवशी चौकात गेले नव्हते. पलंगावर बसले होते, बनियनवर, दाराकडं पाठ करून. सवयीनं बसले होते की मुद्दाम, देव जाणे. मी डायरी उघडून त्यांना दाखवायला पुढं झाले, पण लेक माझ्या आधी गेली. दप्तर सावकाश खाली ठेवलं. पलंगाला वळसा घालून त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"आबा, हात लावू?" तिनं विचारलं. बाईंनी शिकवलं होतं तसं.

"लाव की," मामा म्हणाले.

ती मागं आली आणि तिनं त्यांच्या पाठीवर, मणक्याच्या जरा बाजूला, नुसतं एक बोट टेकवलं. मामांचे खांदे हलले. किती दिवसांनी कुणी त्यांच्या पाठीला हात लावला होता. त्यांच्या तोंडून आपोआपच निघालं, "मेलो, मेलो गं वाघिणी."

लेकीनं चटका बसल्यासारखं बोट मागं घेतलं. ती हसली नाही. पांढऱ्याफटक तोंडानं माझ्याकडं वळली आणि दोन्ही हात पाठीमागं लपवत म्हणाली, "आई, मी मारलं न्हाई. मी नुसतं बोट लावलं."